तात्या बारीक निघाला

चिखलोली, अंबरनाथ
मंगळवार, ६ मे २०२५

करण,

नमस्कार. मी बरी आहे, तूही बरा असशील. लग्नाची गडबड असेलच. पत्रिका छान छापल्यात म्हणे. कोण म्हणे, ते पुढे येईल.

पत्र बघून चमकला असशील. फोन केला असता, पण आपला फोन तिसऱ्या वाक्याला भांडणावर येतो. आणि मेसेज तू अर्धा वाचूनच उत्तर द्यायला घेतोस. कागद निदान शेवटपर्यंत वाचशील असं वाटलं.

आधी हे सांगून टाकते: आई ठणठणीत आहेत. बीपीची गोळी वेळेवर घेतात. फक्त त्या बदलापूर गावात बकुळामावशींकडे नाहीत, माझ्याकडे आहेत. गेल्या आठवड्यापासून. तुझा फोन आला की गॅलरीत जाऊन बोलतात आणि बकुळा आत भाकऱ्या थापतेय असं ठोकून देतात. मावशींना सगळं ठाऊक आहे. दोघी बहिणींनी संगनमताने केलंय, माझा त्यात हात नाही. म्हणजे पहिल्या दिवशी नव्हता.

रविवारी तू त्यांना न्यायला मावशींकडे जाणार आणि तिथून थेट डोंबिवलीच्या नव्या घरी नेणार, असं ठरलंय. तुला उगाच हेलपाटा पडू नये म्हणून हे पत्र.

एवढं लिहून मी उठले आणि गॅलरीत जाऊन आले. समोर टॉवरचा पाया खणतायत, कपडे वाळत घालायची सोय नाही. स्टेशन होणार होणार म्हणून इथे फ्लॅट घेतला. ते अजून व्हायचंच आहे, पण रिक्षावाले आतापासूनच स्टेशनच्या तोऱ्यात असतात. परत येऊन बसले. हेलपाट्याचं मी उगाच लिहिलं, करण. तुझ्या हेलपाट्याची काळजी मला कधीपासून? खरं कारण वेगळं आहे आणि ते सरळ लिहायला घेतलं की हात आखडतोय.

म्हणून मालिकेपासून सुरू करते. ‘पाहुणा दोन दिवसांचा’. टीव्ही काळापांढरा होता तेव्हाची. पुढे कधीतरी पुन्हा लागली, तेव्हा तुझ्या बाबांनी जाहिराती गाळून गाळून व्हिडिओ कॅसेटवर उतरवली आणि त्या नादात प्रत्येक भागाची पहिली दोन वाक्यं कापली. कॅसेटना बुरशी यायला लागल्यावर डीव्हीडी करून आणायला तू मलाच उल्हासनगरला पाठवलं होतंस. दुकानदार शेठ म्हणाला होता, “ब्लॅक अँड व्हाइट है मॅडम, कलर नहीं आयेगा, बाद में बोलना नहीं.” हे मी घरी येऊन सांगितलं, तर तू आणि आई पोट धरून हसलात. मग डीव्हीडी लावलीत, आणि मी चहा टाकायला आत गेले.

आता जे लिहितेय त्यावर तू म्हणशील, झालं हिचं सुरू. पण ऐक. तुझ्या घरात सहा वर्षं मी ती मालिका फक्त ऐकली. पाहिली नाही. रविवारी जेवणं झाली की तुम्ही दोघं बाहेर सोफ्यावर आणि मी आत ओट्याशी. मला कुणी मनाई केली नव्हती, ते मी कबूल करते. पण ये, बस, असंही कुणी म्हणालं नाही. भांडी, मग चहा, मग कुणाला काही तळून. सगळे संवाद मला पाठ झाले. दोन दिवसांसाठी आलेला तात्या जाता जात नाही, घरातली सून विमल त्याला घालवायला रोज नवी युक्ती काढते आणि शेवटी स्वतःच त्याचं अंथरूण घालते. कुठे हसायचं तेसुद्धा मला माहीत होतं. तुमच्याबरोबर मीही हसायचे, भिंतीच्या अलीकडे.

घटस्फोटानंतर मी माझी शिलाई मशीन न्यायला आले होते. तू घरी नव्हतास. आई एकट्याच मालिका बघत होत्या. मी मशीन उचलायला वाकले, तर त्या म्हणाल्या, “बस. चहा मी करते.” मी बसले. त्या आत गेल्या. आणि करण, तात्या बारीक निघाला. त्या खर्जातल्या आवाजावरून सहा वर्षं मी चांगला ढेरपोट्या माणूस धरून चालले होते, आणि समोर हा काडीपैलवान, सदऱ्यात हरवलेला. मी इतकी हसले की आई चहाचं पातेलं हातात घेऊनच बाहेर आल्या. काय झालं विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या की पुढच्या रविवारी ये, पहिल्या भागापासून बघू.

तेव्हापासून मी दर रविवारी जात होते. तू क्रिकेटला जायचास, नंतर प्रगतीला भेटायला. तुझ्यापासून लपवायचं असं ठरलं नव्हतं, पण सांगायचंही कुणाला सुचलं नाही. मशीन मात्र अजून तुमच्याकडेच आहे.

आम्ही भांडतोही बरं का. विमलची साडी आईंच्या मते मोरपंखी आहे. मी म्हणते मरून. पडद्यावर सगळं राखाडी, तरी माघार कुणी घेत नाही. परवा तर त्यांनी मला चष्मा बदलून आणायला सांगितलं. त्या सहा वर्षांत असं एकदा तरी भांडलो असतो तर बरं झालं असतं. तेव्हा त्या गप्प बसायच्या, मी धुसफुसायचे, आणि दोघींचा राग संध्याकाळी तुझ्यावर निघायचा. तुझंही सोपं नव्हतं, हे मला हल्ली कळतं.

आता त्या इथे कशा आल्या ते. नव्या घराचं सामान लागायला लागलं तेव्हा तूच म्हणालास, चार दिवस मावशींकडे राहा. बरोबर बोललास, धुळीत त्यांना खोकला होतो. मावशींकडे त्या एकच रात्र राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी आनंदनगरहून कामावरून आले, तर माझ्या दाराशी पिशवी, डीव्हीडी प्लेयर आणि त्या. म्हणाल्या, दोन दिवस राहते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि जिन्यातच हसत सुटलो.

गेल्या रविवारी दुपारी लाइट गेली. तात्या सामान बांधायचं नाटक करतो तो भाग चालू होता. पंखा बंद, उकाडा मरणाचा. आई म्हणाल्या, आपणच पुढचा करू. त्या तात्या झाल्या, मी विमल. निम्म्यावर त्या थांबल्या. मला वाटलं विसरल्या. पदराने मान पुसत म्हणाल्या, “मला पुन्हा सासू व्हायचं नाही, हर्षदा. मी बाहेर बसले की ती पोरगी आत जाईल. मी नको म्हटलं तरी जाईल. आणि मला ते बरं वाटेल, हेच वाईट आहे.”

मी म्हटलं, मग करणला सांगा तसं. त्या म्हणाल्या, त्याला वाटेल आईला प्रगती पसंत नाही. तसं नाहीये, करण. प्रगती त्यांना फार आवडते. पत्रिका त्यांनीच मला दाखवली, कौतुकाने. म्हणून तर त्यांना यायचं नाही. मी विचारलं, मग माझ्याकडे कशा राहता? तर म्हणाल्या, “तुझी मी कोण लागते आता? कोणी नाही. म्हणून तर नीट चाललंय.”

मी पुन्हा उठून आले. आज रजा टाकलीय, आणि घरात काम काही नाही, तरी बूड टेकत नाही. आत आई तोच भाग लावून बसल्यात. मला हाका मारतायत, मी ‘आले आले’ म्हणत हे लिहितेय. त्यांना पत्राचं माहीत नाही. त्या म्हणत होत्या, रविवारपर्यंत काहीतरी सुचेल. मला नाही सुचणार. मला झोप लागत नाही. तू येशील, आई म्हणून हाक मारशील आणि त्या मुकाट्याने पिशवी भरतील, हे मला आत्ताच दिसतंय. तुला नाही म्हणणं त्यांना कधी जमलंय?

तू म्हणशील, ही सूड घेतेय. मीही स्वतःला ते विचारलं. पहिल्या दिवशी असेल थोडा, खोटं कशाला बोलू. करणची आई माझ्याकडे आली, या विचाराने मला गुदगुल्या झाल्या होत्या. त्या गुदगुल्या आता राहिल्या नाहीत. आता फक्त भीती आहे. दोन वर्षं मी कुलूप उघडून या घरात येत होते, आणि आल्यावर पहिल्यांदा टीव्ही लावायचे, कुणीतरी बोलावं म्हणून. आठवडाभर दार आतून उघडतंय. मला त्या हव्यात, करण. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही, कोर्टातसुद्धा नाही. हे मागते.

तेव्हा रविवारी मावशींकडे जाऊ नकोस. इकडे ये, प्रगतीला घेऊन. जेवायला ये. सोफा लहान आहे, पण चौघं मावू. लग्नात त्या वरमाई म्हणून मिरवतील, सणावाराला तुझ्याकडे येतील, नातवंडं झाली की कदाचित मला विचारणारही नाहीत. पण राहायला कुठे, ते त्यांना विचार. हो-नाही असं नको विचारूस, हो म्हणून मोकळ्या होतील. नुसतं विचार आणि थांब. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागतो. आपण दोघांनी तो कधी दिला नाही.

त्या तुझ्याबरोबर निघाल्या, तर पिशवी मी खाली आणून देईन आणि एक अक्षर बोलणार नाही. राहिल्या, तर राग माझ्यावर काढ, त्यांना फोन मात्र रोज कर.

आईंची,
हर्षदा