प्रेक्षक गॅलरीचे दोन पास

आबा, यंदा शिमग्याला गावी आलो नाही. पालखी आपल्या अंगणात नाचत होती तेव्हा मी विधान भवनात एका विधेयकाच्या दुरुस्त्या वाचत बसलो होतो. तुम्ही गेलात तेव्हा मी भाईंदरला एका पतपेढीत कारकून होतो. पक्षाचं काम करता करता आपला मुलगा एक दिवस विधान परिषदेत जाऊन बसेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्ही हसून देवळातली घंटा पुसायला लागला असता. मला लोकांनी थेट निवडून दिलेलं नाही, आमदारांच्या मतांवर आलोय. त्यामुळेच असेल, आत आपण काय करतो ते लोकांना कळायला हवं असं मला पहिल्यापासून वाटत आलं. बेव्हर्ली पार्कजवळच्या माझ्या कार्यालयाबाहेर एक फळा आहे. अधिवेशन सुरू झालं की त्यावर मी स्वतः खडूने लिहितो: कोणतं विधेयक आलंय, त्याने कुणाचं काय होणार आणि माझं मत काय. लोक भाजीच्या पिशव्या घेऊन थांबतात, वाचतात. कुणीकुणी आत येऊन भांडतातही.

या अधिवेशनात खासगी शिकवण्यांचं विधेयक आलं, त्याला मी पाठिंबा लिहिला. किनाऱ्यावरच्या मासळी वाळवायच्या जागांबद्दल एक आलं, त्याला विरोध लिहिला आणि किनाऱ्यावरच्या डोंगरी गावात जाऊन तसं सांगूनही आलो. तिथली एक म्हातारी जाळं विणता विणता म्हणाली, "लिवलास ता बरा केलास. पन तिथं उठून बोलशील का न्हाय?" बोलेन म्हणालो. ते विधेयक समितीकडे गेलं आणि बोलायची वेळ आलीच नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

तिसरं विधेयक मोडकळीला आलेल्या इमारतींचं. त्याचा उद्देश मला मान्य आहे. पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यासमोर मी उभा राहिलोय आबा, ती धूळ घशातून जात नाही. पण त्यात एक कलम आहे. धोकादायक ठरलेली इमारत रिकामी करायची, आणि नव्या इमारतीत घराची हमी फक्त कागद पूर्ण असणाऱ्यांना. जुन्या भाईंदरमध्ये ग्रामपंचायतीच्या काळातल्या इमारती आहेत. तिथे माणसं दोन पिढ्या राहतायत, पण कागद कुणाचेच पूर्ण नाहीत. ती बाहेर पडतील ती कायमची. मी फळ्यावर लिहिलं, उद्देशाशी सहमत, या कलमाला विरोध. ते वाचून रविवारी अशाच एका इमारतीतली माणसं आली. पुढे होत्या एक वहिनी, रायगडकडच्या. नवरा गेल्यावर पोळीभाजीचं केंद्र चालवून त्यांनी दोन मुली वाढवल्या. सोबत त्यांच्या खालच्या मजल्यावरचे, कटलरीचं दुकान चालवणारे गुजराती भाई.

"साहेब, तुम्ही विरोध लिहिलाय ना? मग झालं. आपला माणूस आत आहे," वहिनी म्हणाल्या.

"अरे भाभी, साहेब अकेले क्या करेंगे? अंदर तो सब एकसाथ हाँ बोलते हैं."

"तुम्ही गप्प बसा हो भाई. तुमच्या दुकानात मी एकटीच भांडते, तरी भाव उतरवता ना?"

"वो तो आप जाती ही नहीं, इसलिए!"

सगळे हसले. मीही हसलो. मग वहिनी म्हणाल्या, "मला एकदा बघायचंय तुम्हाला बोलताना. वर बसायचा पास मिळतो म्हणे. आम्ही काही बोलणार नाही. नुसतं समोर बसू."

त्या हे सहज बोलल्या. मला मात्र देवळाचं अंगण आठवलं. मी दहावीत होतो. गावच्या मानकऱ्यांना देवळामागची वाट सरळ करायची होती आणि मध्ये एका धनगराची झोपडी येत होती. झोपडी उठवावी का, असा कौल लावायला सगळे जमलेत. तुम्ही सोवळं नेसून बसलायत, पाकळ्या भिजवून ठेवल्यायत. पाषाणावर चिकटवलेली उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. आता तुम्ही गाऱ्हाणं घालणार आणि मागून सगळे 'होय महाराजा' म्हणणार, एवढ्यात तुम्ही मान वर करून विचारता, "तो कुठं हाय?" कुणीतरी म्हणतं, तो मेंढरं घेऊन वर सड्याच्या माळावर गेलाय, त्याचं काय काम? "ज्याचं घर उठायचं, तो देवासमोर उभा हवा," तुम्ही म्हणता, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहता. ऊन चढतं. मानकरी चिडतात, एक जण तुम्हाला गुरवकी काढून घेऊ म्हणून सुनावतो. पाकळ्या सुकतात, तुम्ही त्या पुन्हा भिजवता. तो माणूस धापा टाकत येऊन उभा राहिला, तेव्हाच तुम्ही तोंड उघडलंत.

घरी येताना मी शहाणपणाने म्हणालो होतो, "आबा, देवाला तर सगळं दिसतं. मग त्याला कशाला बोलवायचं?" तुम्ही चालता चालता ओरडलात माझ्यावर, "देवाला दिसतं रे! आपल्याला दिसायला नको?"

आमच्याकडे, आबा, विधेयक मताला टाकतात तेव्हा सभापती विचारतात आणि बाकावरून सगळे मिळून 'होय' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, देवळातच उभा आहे असं वाटलं. मग दिवसचे दिवस ऐकत गेलो. दुपारी जेवण झाल्यावर, कुणी फोनमध्ये बघत, कुणी शेजाऱ्याशी बोलत, 'होय'. मीही म्हणत आलो. ज्यांच्याबद्दल तो होय असतो ती माणसं त्या वेळी कुठल्यातरी सड्यावर असतात.

काल पक्षाची बैठक झाली. या कलमात दुरुस्ती सुचवायची आहे, असं मी म्हणालो. नेते शांतपणे म्हणाले, "बाहेर तुमचं मत मांडा, कोण अडवतंय? तुमचा फळा छान आहे, मी फोटो बघितला. फक्त सभागृहात फलक आणायला बंदी आहे, तेवढं ध्यानात ठेवा." सगळे हसले. मीही हसलो. विधेयकाच्या बाजूनेच मत द्यायचं, असा पक्षाचा आदेश निघालाय. तो मोडला तर माझी जागा जाईल, आणि पाळला तरी मोडला तरी विधेयक मंजूर व्हायचंच आहे. माझ्या एकट्याच्या 'नाही'ने त्या वहिनींचं घर वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे, मी कालपासून स्वतःला हेच सांगतोय. पण धनगराच्या वेळी तरी तुम्हाला कुठे ठाऊक होतं, त्याचं घर राहील म्हणून? डावी पाकळी पडली ती नंतर. तुम्ही फक्त त्याला समोर उभा केलात.

विधेयक उद्या दुपारी येतंय. आज सकाळी निघताना रोजच्यासारखं ग्रामदेवतेच्या फोटोपुढे डोकं टेकलं आणि वाहिलेल्या फुलाची एक पाकळी खिशात ठेवली. दुपारी वहिनींचा फोन आला. "साहेब, झालं का पासचं? मुलीला सुट्टी काढायला सांगितलीय केंद्र सांभाळायला." मी म्हणालो, "गर्दी आहे वहिनी, बघतोय." त्या म्हणाल्या, "बघा हो. नाही जमलं तरी तुम्ही आहातच."

आबा, पास मला सकाळीच मिळालेत. दोन्ही पाकळीबरोबर याच खिशात आहेत, आणि इथून, कार्यालयातून, त्यांच्या इमारतीपर्यंत रिक्षाने जायला फार वेळ लागत नाही. अजून संध्याकाळही झालेली नाही. पण मी जाणार नाही. कौल कुणीकडे पडेल हे तुम्हाला ठाऊक नसायचं, म्हणून तुम्ही त्या माणसाला बोलावू शकलात. उद्याचा माझा होय मला आजच ठाऊक आहे.