सोबतचा रकाना

३ मार्च
वजन १०९.४. काटा जुना आहे, १०८ धरायला हरकत नाही. समुपदेशक बाईंनी वही दिली. रकाने चार: वेळ, काय खाल्लं, भूक होती का, सोबत. खरं तेच लिहा काका, म्हणाल्या. काका! बेचाळीस वय माझं. असो. साखर आजपासून बंद.

४ मार्च, स. ८
टोस्ट चार. भूक: होती. सोबत: बटर.

७ मार्च
नव्याचे नऊ दिवस म्हणतात, माझे चार झाले. आमच्या लिफ्ट कंपनीत मी फोनवर असतो. कोणी अडकलं की मेकॅनिक पोचेपर्यंत बोलत राहायचं. आज एक आजी चाळीस मिनिटं अडकल्या. म्हटलं, घाबरू नका, मी आहे सोबत. तेवढा वेळ ड्रॉवरमधली बिस्किटं आठवली नाहीत. घरी आल्यावर आठवली. पुडा संपवला, नाहीतर सादळला असता. सोबत: जॅम.

१२ मार्च
चालायचे बूट आणले. घालून सोफ्यावर बसून पाहिलं. चावत नाहीत.
ताईचा फोन. जेवलास का, विचारलं. हो म्हटलं. भाचीची परीक्षा आहे म्हणून लगेच ठेवला. मग पुन्हा जेवलो. भूक: नव्हती. (हा रकानाच चुकीचा आहे. जेवणाचा भुकेशी काय संबंध?) सोबत: चीज.

१९ मार्च
केक, अर्धा किलो. घरी पाहुणे आलेत, असं बेकरीवालीला सांगितलं. तिने विचारलं नव्हतं. तिने दोन चमचे दिले. सोबत: काही नाही. केक नुसताच चांगला लागतो.

२४ मार्च, दु. ४
१११.२. बूट काढायचे राहिले होते.
बाईंनी वही वाचली. बटर, जॅम, चीज. हसल्या, मग पुन्हा पहिल्या पानावर गेल्या. म्हणाल्या, काका, सोबत म्हणजे खाताना बरोबर कोण होतं ते. मला वाटलं, पावाला लावायला काय! दुरुस्त करून आणतो म्हटलं. तासाभराचं काम.

२४ मार्च, सं. ७
बटर खोडलं. जॅम खोडला. चीज खोडलं. त्या जागी लिहायला कोणी सापडेना. दुसरा चमचा अजून कागदातच आहे. फार एकटं वाटलं.
ऑफिसच्या नंबरवर फोन लावला. नवीन बाई होत्या, त्यांनी माझा आवाज ओळखला नाही. विचारलं, कितव्या मजल्यावर अडकलात? तिसऱ्या, म्हटलं. घाबरू नका, मी आहे सोबत, म्हणाल्या.
आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही.