गॅप म्हणजे अंतर नव्हे

कार्तिकातला शुक्रवार, केलीव्हिल

श्रीहरीच्या कृपेने आजचाही दिवस पार पडला. तरी एक शब्द मनातून जात नाही.

महामारीने इकडे परदेशातही सरकारी रुग्णालयातील रांग फार लांबली, म्हणून सौ. सुमतीचा मोतीबिंदू दाखवण्यास खासगी दवाखान्यात गेलो. तेथील मुलगी म्हणाली, "अंकल, गॅप असेल हं." मी मुकाट्याने खुर्ची मागे सरकवली. सूनबाई मेघा मास्कआड हसली. "अहो बाबा, अंतर नव्हे! विमा कंपनीने दिल्यावर जे उरतं ते आपल्या खिशातून. त्याला इथे गॅप म्हणतात."

रक्कम ऐकून मात्र तिचेही हसू मावळले. घरी येऊन तिने आणखी दोन दवाखान्यांना फोन केले. गॅप तीच. तिन्हींच्या पाट्या निराळ्या, मालक एकच. त्याने एकेक करून सारे विकत घेतलेले.

"याला कायद्याची आडकाठी नाही?" मी विचारले.

"एकेक दवाखाना घेण्याचे इतके छोटे व्यवहार कायद्याच्या नजरेतच येत नाहीत, बाबा."

"म्हणजे मोतीबिंदू त्यालाही झालाय," सुमती म्हणाली. "आधी त्याचं ऑपरेशन होऊ दे. माझं राहू दे."

आम्ही हसलो. पण संध्याकाळी तिने पोथी उघडली आणि न वाचताच माझ्या हाती दिली.

मेघाला सांगितले, पहिली मिळेल ती वेळ घे. गॅप देऊ. परंतु जेथे दुसरे दारच नाही, तेथे त्या गॅपला दर म्हणावे की दंड?

हे पान वाचणाऱ्या प्रत्येकाची दृष्टी निर्मळ राहो. त्याच्या गावी दवाखाने अनेक असोत, आणि त्यांचे मालकही.