वालाचं बियाणं

आये, काल आपल्या घणसोलीत पोपटीचा उत्सव झाला. दरवर्षी थंडीत होतो आता, टॉवरखालच्या मैदानात, मंडप आणि माईक लावून. शेंगांच्या मडक्याभोवती पेंढा पेटवतात तो आपल्यासारखाच, पण आत घालायचा भांबुर्ड्याचा पाला टेम्पोने लांबून येतो आणि वालाच्या शेंगा वाशीच्या मार्केटमधून गोणीने. टॉवरमधली माणसं कौतुकाने फोटो काढतात. एका बाईने मला विचारलं, "मावशी, हा वाल इथलाच ना?" मी हो म्हटलं. जीभ जराही अडखळली नाही.

भात कापून झालं की जमिनीत ओल असतानाच तू वाल टाकायचीस आणि कडेच्या ओळीला चिंधी बांधायचीस. ती ओळ बियाण्याची, तिला हात लावायचा नाही. मी नऊ-दहा वर्षांची असेन. मैत्रिणींना पोपटी खायला घालायची म्हणून मी नेमक्या त्याच ओळीतल्या टपोऱ्या शेंगा तोडल्या होत्या. मडकं भरून झालंय, आता पेटवायचं, एवढ्यात तू बांधावरून येतेस. मारत नाहीस. मडकं आडवं करून पाल्यातून एकेक शेंग बाहेर काढत बसतेस. "यो बियान्याचा हाय. यो आज खाल्लास त पुढल्या साली काय पेरशील, कपाल?" तोडलेल्या हिरव्या शेंगांचं बियाणं होत नाही, हे तुला ठाऊक होतं. तरी तू आम्हाला त्या खाऊ दिल्या नाहीस, बैलापुढे टाकल्यास. मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

शेत नव्या शहरात गेल्यावरही तू परसात चार ओळी लावत राहिलीस. शेवटच्या आजारपणात राखेत घोळलेल्या वालांची बरणी माझ्या हातात देऊन एवढंच म्हणालीस, "जप." मी जपली गं. वीस वर्षांच्या वर देवाच्या बाजूला ठेवली, दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, कुणाला हात लावू दिला नाही. परसात भाड्याच्या खोल्या बांधल्या तेव्हाही बरणी आधी हलवली, मग पाया खणला. पेरलं मात्र एकदाही नाही. शेतकऱ्याच्या पोटी येऊन मी बियाण्याचा देव केला, माझ्यासारखी मूर्ख मीच.

उत्सवाचं सगळं शेजारणीची सून बघते. पंधरा दिवसांपूर्वी ती घरी आली. "मावशी, गावात जुना बियाना आता फकस्त तुमच्याकडंच हाय. तेवढा द्या. पुढल्या साली मैदानाच्या कडेला लावू, बाजारातून आनायला नको." मला इतका आनंद झाला की मी तिला चहासुद्धा विचारला नाही. आधी बघावं म्हणून मूठभर वाल भिजवून ओल्या फडक्यात बांधले, बिरड्याला बांधतो तसे. दोन दिवसांनी सोडले, काही नाही. मग उरलेले सगळे भिजवले. चौथ्या दिवशी फडक्याला वास मारायला लागला. एकालाही मोड आला नव्हता. तू गेलीस तेव्हाही इतकं रिकामं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा बरणी होती.

तिला खरं सांगायचं धाडस झालं नाही. नाक्यावरच्या दुकानातून वाल आणले, राखेत घोळले, तुझ्या बरणीत भरले आणि दिले. काल ती बरणी मंडपात टेबलावर ठेवली होती, वर तुझं नाव लिहून. म्हाताऱ्या बायका पाया पडत होत्या. एकजण माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या आयशीनं गाव राखला." पुढच्या वर्षी ते वाल पेरतील, उगवतीलही, आणि सगळे म्हणतील तुझेच आहेत. आता ते खोडणारं माझ्याशिवाय कोणी नाही, आणि मी खोडणार नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणून एक गोष्ट लिहिते. काल मार्केटच्या त्या शेंगा मी पोटभर खाल्ल्या. मला काही फरक कळला नाही, आये.