फिटरच्या सहीची जागा

प्रिय बाबा,

पंधरा दिवसांपूर्वी तुमचं वर्षश्राद्ध झालं. वर्षभर सगळे मला म्हणत होते, मन मोकळं कर, कुणाशी तरी बोल. मी कुणाशी बोलले नाही, कारण जे बोलायचं होतं ते फक्त तुम्हाला सांगण्यासारखं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले होते, बाबा. आणि गेल्या आठवड्यात मला कळलं की ते तुम्हाला माहीत होतं. म्हणून आज लिहायला बसले.

मराठीत लिहिते आहे हं! ऑफिसात दिवसभर हिंदी, बसमध्ये हिंदी, घरी आईशी अर्धं-अर्धं. तुम्ही म्हणायचे, "गुड्डे, तुझी मराठी रांझीच्या स्टॉपवरच उतरून जाते." आज तिला घरापर्यंत घेऊन आले आहे. चुका झाल्या तर पोटात घाला.

तुम्ही गेम खेळायचे हे तुमच्या कारखान्यातल्या मित्रांना अजून खरं वाटत नाही. तसं पाहिलं तर तुम्ही खेळलेच कुठे? तुमच्या हाताला कंप, कंट्रोलर धरला की तो ताटासारखा वाजायचा. तुम्ही एकदाही गाडी चालवली नाही. तरी त्या खेळातलं मला जे काही येतं, ते तुमचं आहे.

तो पहिला रविवार आठवतो? जेवण झालं होतं आणि मी बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढे बसून एकच शर्यत तिसऱ्यांदा हरत होते. त्या गेममधलं सगळ्यात अवघड चॅलेंज. डोंगरातला रस्ता, दहा चकरा. आपली गाडी सगळ्यात मागून सुटणार, पुढे एकोणीस गाड्या. टायर भराभर झिजतात, आणि इंजिनाची ताकद ठरवून दिलेल्या हद्दीतच ठेवावी लागते. मी लाल रंगाची एक झकास गाडी घेतली होती आणि ती दर वळणावर भिंतीला जाऊन भिडत होती. तुम्ही पाणी प्यायला उठले आणि दारातच थांबले.

"काहून ओढून राहिली तिला? मागचं चाक सुटून राहिलं न. ती सांगून राहिली, तू ऐकूनच नाही राहिली."

मी वैतागून म्हटलं, "बाबा, हा गेम आहे."

"अच्छा," तुम्ही म्हणाले, "पण चाकं तर चारच आहेत न?"

आणि स्टूल ओढून बसले. बत्तीस वर्षं मिलिटरीच्या ट्रकांखाली पाठीवर निजलेला माणूस! त्या दिवसापासून माझा गेम तुमचा झाला. गाडी निवडायलाच तुम्ही दोन रविवार घेतले. मला एकेका गाडीचं वजन मोठ्यानं वाचायला लावलं. आणि निवडली कोणती? साबणाच्या वडीसारखी चौकोनी, मळकट पिवळी, जुनी छोटी गाडी.

"ही? ही तर ओमतीच्या बाजारातून भाजी आणायची गाडी आहे!"

"हलकी आहे. हलकी गाडी टायर नाही खात. बाकीचे सगळे मधात थांबतील टायर बदलायला. आपण नाही थांबायचं. दहाच्या दहा चकरा एकाच टायरवर."

हाच तुमचा सगळा डाव होता. वेगात मागे राहू, पण थांबणार नाही.

मग आली ती कार्डं. कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर एक कार्ड फिरायचं, काय बदललं, कुणी बदललं, पास की नापास. तुम्हाला त्याशिवाय चैनच पडेना. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर तुम्ही पेन्सिलीनं रेघा मारल्या. खाली दोन सह्यांच्या जागा: फिटर, टेस्ट ड्रायव्हर. एका अंगाला ब्रेक आणि गिअर, उलटून पाहिलं की गणपती आणि कुणाचे तरी शुभाशीर्वाद! भरलेली कार्डं टीव्हीशेजारच्या खिळ्याला तारेत ओवून ठेवायचे. आई म्हणायची, घराचं ऑफिस करून टाकलं.

मी म्हटलं, दोन सह्या कशाला? आपण दोघंच तर आहोत. तुम्ही एकदम गंभीर झाले. "ज्यानं पाना फिरवला, त्यानं पास नाही करायची. अन् ज्यानं चालवली, त्यानं पान्याला हात नाही लावायचा. आपल्या हातचं काम सगळ्यांनाच चांगलं वाटते."

आणि एका रविवारी एकच बदल! त्यावरून मी किती भांडले तुमच्याशी. एक स्प्रिंग कडक केली की दहा चकरा. पुढच्या रविवारी टॉप गिअर थोडा लांब केला की परत दहा चकरा. मी म्हणायचे, सगळं एकदम बदलू या न. तुम्ही म्हणायचे, "मग सुधारली तर कशानं सुधारली, कसं कळेल?" विसाव्या नंबरवरून आपण अकराव्यावर आलो, मग सातव्यावर. होळीच्या आसपास चौथा आला, तेव्हा तुम्ही स्वतः बाजारात जाऊन खोव्याची जलेबी आणली होती. त्या कार्डावरही लिहिलं मात्र "नापास."

तुमच्या तेरवीला तिवारी काका आले होते. तुमच्या पाळीतले. ते सांगत होते, एकदा थंडीच्या दिवसांत सुटीची वेळ झाली, एका ट्रकचं काम तिवारींनी केलं होतं आणि फिटरच्या जागी सही तुमची व्हायची होती. ते म्हणाले, "चल यार, कर दे साइन, कल देख लेंगे." तुम्ही म्हणाले, हे काम माझ्या हातचं नाही, मी सही नाही करणार. काका सगळी थंडी तुमच्याशी बोलले नव्हते म्हणे. सांगता सांगता ते हसले आणि मग रडले. मी स्वयंपाकघरात निघून गेले. त्यांना वाटलं, मला ऐकवत नाही. मला लाज वाटत होती, बाबा.

आता सांगते.

तो शेवटचा रविवार. तुम्हाला दम लागत होता. मंगळवारी दवाखान्यात भरती व्हायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं म्हणून तुम्ही आतल्या दिवाणावर होते, मध्ये फक्त पडदा. चौदावं कार्ड तुम्ही सकाळीच भरून दिलं होतं, त्यातला बदलही माझ्याकडून गाडीत करून घेतला होता. "तू चालव, मी इथून ऐकतो," म्हणाले.

आदल्या दिवशी ऑफिसात मी इंटरनेटवरून कुणा अनोळखी माणसाची सेटिंग उतरवून आणली होती. लाल गाडीची. सगळे आकडे तयार, हमखास जिंकणारी. मी तुमची पिवळी गाडी काढलीच नाही. लाल गाडी काढली, सहाव्या चकरेला टायर बदलले आणि सगळ्यांना मागे टाकून पहिली आले. मग पडद्याआडून ओरडले, "बाबा, जिंकलो! तुमची गाडी पास झाली!"

दवाखान्यात जाण्याआधी तुम्हाला खुश करायचं होतं, असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं हे की मला कंटाळा आला होता. चौदा रविवार! मला ते संपवायचं होतं. तुमचा आजार, तुमची कार्डं, तुमचा एकेक बदल, सगळ्याला मी थकले होते. मुलीनं बापाला असं लिहू नये, पण खोटं एकदा बोलून झालं आहे.

तुम्ही आतून विचारलं, "टायर कसे होते शेवटी?"

"एकदम मस्त, बाबा. पुरले."

"अच्छा," तुम्ही म्हणाले.

मी कार्डावर "पास" लिहिलं, टेस्ट ड्रायव्हरच्या जागी सही केली आणि तुमच्यापुढे धरलं. तुम्ही म्हणाले, "ठेव तिथं. करतो सही." मंगळवारी आपण दवाखान्यात गेलो आणि शुक्रवारी तुम्ही गेले. घरी परत आलेच नाहीत.

वर्षभर मी तो टीव्ही चादरीनं झाकून ठेवला होता. आठ दिवसांपूर्वी, आधीच्या रविवारी, आई म्हणाली, वर्ष झालं, आता ती धूळ झटक, कार्डं नीट बांधून ठेव. मी तार काढली. सगळ्यात वर चौदावं कार्ड. ते तुम्हीच ओवलं असणार, कारण त्या तारेला मी कधी हात लावला नव्हता. आईला विचारलं तर म्हणाली, "हो न, सोमवारी तू ऑफिसात होती. उठले अन् चष्मा मागून राहिले, पेन्सिल मागून राहिले. मी म्हटलं, निजा न चुपचाप. ऐकतात काय?"

माझी सही होती. "पास" होतं. फिटरच्या सहीची जागा कोरी होती.

मी कार्ड उलटलं. तिकडे लग्नपत्रिकेची छापील बाजू, सिहोऱ्याच्या मावशीच्या घरचं लग्न. गणपतीच्या खाली, जिथे मी कधीच पाहिलं नसतं तिथे, तुमची हलणारी अक्षरं:

"टायर बदलल्याचा आवाज आला. ही गाडी माझी नाही. गुड्डी दमली आहे, तिला बोलू नये. घरी आलो की परत टेस्ट. मागची स्प्रिंग एक घर सैल करून पाहणे."

बाबा, तुम्ही रागावले का नाही? एकदा पडद्याआडून ओरडायचं तरी होतं, गुड्डे, खोटं बोलून राहिली! मी रडले असते, तुमचे पाय धरले असते, आपण भांडलो असतो आणि संपलं असतं. तुम्ही नुसतं "अच्छा" म्हणाले. दवाखान्यात तीन दिवस माझा हात धरून होते, तेव्हाही बोलले नाही. तिथे मी तुम्हाला गंमत म्हणून विचारलं होतं, आता पुढचं चॅलेंज कोणतं घ्यायचं? तुम्ही म्हणाले, "अगोदर हेच." मला वाटलं, औषधानं तुम्हाला आठवत नाही आहे.

तुम्हाला मला सांभाळून घ्यायचं होतं, हे कळतं. पण खोट्या कार्डावर सही केली नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही! आधी मला त्याचा रागच आला. आईशी दिवसभर नीट बोलले नाही. मग त्या कोऱ्या जागेकडे पाहत बसले आणि पहिल्यांदा, वर्षात पहिल्यांदा, पोटभर रडले.

काल रविवार होता. जेवण झाल्यावर मी चादर काढली. तुमची पिवळी गाडी जशीच्या तशी होती, तुमची सेटिंग जशीच्या तशी. मी मागची स्प्रिंग एक घर सैल केली. बाकी कशाला हात लावला नाही. आई येऊन तुमच्या स्टुलावर बसली. तिनं जन्मात कधी हा गेम बसून पाहिला नव्हता.

काय चालत होती गाडी, बाबा! वळणावर मागचा भाग सुटत नव्हता, स्वतःहून वळत होती. पाचव्या-सहाव्या चकरेला एकेक गाडी टायर बदलायला थांबू लागली आणि मी थांबले नाही. सातव्या चकरेला माझ्यापुढे कुणीच नव्हतं. नुसता रस्ता. आई म्हणाली, "बाकीचे कुठं गेले व?" मी रस्त्यावरून नजर हलवली नाही.

शेवटच्या चकरेत एक निळी गाडी नव्या टायरांवर मागून आली आणि शेवटच्या वळणावर बाजूनं निघून गेली. दुसरा नंबर. हरलो.

"जिंकली काय व?"

"नाही, आई."

"मग एवढ्यासाठी रडून काहून राहिली?"

"टायर पुरले, आई. दहाच्या दहा चकरा पुरले."

तिला काय कळलं कोण जाणे. तिनं डोक्यावरून हात फिरवला आणि चहा ठेवायला गेली.

मी ड्रॉवरमधून एक पत्रिका काढून कापली. रेघा वाकड्या आल्या, पण आल्या. पंधरावं कार्ड. आई म्हणाली, बाबांच्या जागी तूच सही करून टाक, काय होते? मी नाही म्हटलं. ती जागा मी कधीही भरणार नाही.

हे माझं वचन, बाबा. लाल गाडी मी काढून टाकली आहे. एका रविवारी एकच बदल. पुढचा बदल तुम्ही सांगितलेला नाही, तो मला गाडीचं ऐकून ठरवावा लागेल, आणि पाना मी फिरवला तर चालवायला कुणाला बसवायचं हाही प्रश्नच आहे. आईला शिकवते. हसू नका! पण जोपर्यंत ती गाडी खरोखर पहिली येत नाही, तोपर्यंत "पास" हा शब्द मी लिहिणार नाही. दोन रविवार लागोत की दोन वर्षं.

कालचं कार्ड भरलं आहे आणि तारेत ओवलं आहे. त्यावर लिहिलं ते इथेही लिहिते.

मागची स्प्रिंग एक घर सैल केली. टायर शेवटपर्यंत पुरले. दुसरा नंबर. नापास.

टेस्ट ड्रायव्हर,
तुमची गुड्डी