वाचून दिलेले सहा आकडे

पवनार, मंगळवार

सुलोचनाबाई, तुले आनंदाबाईचा रामराम. पिपरी मेघेत तुही लेक, जावई अन् त्यांचं ते सदा शिंकणारं कुत्रं, सगळ्यांले आशीर्वाद. तुही तब्येत कशी आहे? इकडं सारं ठीक, गुडघे सोडून. (हे पत्र अंगणवाडीतली रक्षा लिहून राह्यली. तिले म्हटलं, लिहिजो, पण वाचू नको. ती म्हणते, असं जमत नाई. शिकलेल्या माणसाले साधी गोष्ट जमत नाई.)

तुले जाऊन सव्वा महिना झाला. जाताना चष्मा पेटीत घालून कुलूप लावलं अन् तुह्या सुनेले सांगून गेली म्हणे, आता जन्मात कोणाचं काही वाचून देणार नाई. चौथी पास बाईनं एवढा मोठा संन्यास घ्यावा काय?

तुले वाटते, सारं तुह्यामुळं झालं. अवो, फोन माह्या नावानं आला होता. "आजी, बँकेतून बोलतो, जेवण झालं का?" आमचा किसना सख्खा पोरगा, नागपुरातून महिन्यात एकदा फोन करते, तोही मोटारसायकलवरून. हा परका माणूस गुडघ्यांचं विचारे, तेल कोणतं लावता ते विचारे. (तेलाचं नाव म्या सांगितलं नाई, तेवढी हुशार आहे मी.) मग म्हणाला, खात्याचे कागद जुने झाले, चार वाजेपर्यंत नवे नाई केले तर खातं बंद. फोन ठेवू नका, घरात कोणाले सांगू नका. घरात मी अन् मांजर. मांजरीले नाई सांगितलं. तू पडली कुंपणापलीकडची, घरातली नाई, म्हणून तुले हाक मारली. तू तव्यावर पोळी टाकून धावत आली. कार्डावरचे आकडे तू वाचले, मी फोनात म्हटले. मग मेसेजात सहा आकडे आले, तेही तू शाळेत कविता म्हणावी तसे ठणठणीत वाचले. पोळी जळाली अन् खातं रिकामं झालं, दोन्ही संगच.

माह्या तेरवीचे पैसे होते ते. सरकारच्या निराधार पेन्शनीतून सात वर्षं वाचवले. बुंदी अन् वांग्याची भाजी, साऱ्या गावाले, अन् पोरावर भार नाई. आता मले मराले परवडत नाई, डॉक्टरले तसं सांगून ठेवलं. हसते मी, पण सांजच्या वेळी पासबुक काढून बसते. त्यातलं वाचता येत नाई, तरी पानं उलटून पाह्यते.

वर्धेचा पोलीस म्हणाला, बँक फोनवर असे आकडे कधीच विचारत नाई. जो घाई करते अन् कोणाले सांगू नका म्हणते, तो चोर. फसलं की त्याच घडीले एकोणीसशे तीस नंबरले फोन लावा. आपण लावला तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस तू रडली अन् मी तुले चहा पाजत बसली. पैसे माहे गेलते ना? मग पोलिसानं विचारलं, आकडे कोणी वाचले? म्या सांगितलं, म्याच वाचले. किसनालेही तेच सांगितलं. तुहं नाव कोण्या कागदावर नाई, कोणाच्या तोंडात नाई. मग लपून कोणापासून राह्यली?

तुही,
आनंदाबाई

ता. क. पुढच्या बुधवारी पोलिसानं बोलावलं, आकडे वाचून दाखवा म्हणे. तवापर्यंत मले एक ते नऊ अन् ते शून्य शिकवाले ये. रक्षा शिकवते म्हणते, पण ती रागावत नाई. रागावल्याबिगर माह्या डोक्यात काही शिरत नाई. पेटीची किल्ली आणजो.

आणखी एक. बुधवारचं खोटं आहे, कोणी बोलावलं नाई. त्या दिवशी वर्धेत जबाब लिहून झाल्यावर पोलिसानं सहीसाठी पेन पुढं केला, अन् म्या अंगठा पुढं केला. त्यानं अंगठ्याकडं पाह्यलं, मग माह्याकडं. हळूच विचारलं, "आजी, वाचून देणारी मैत्रीण आहे का?" म्या मान डोलावली. त्यानं काही लिहिलं नाई, शाईची डबी माह्याकडं सरकवली.

येजो.