शांते, तुझा जावई तीन पायांवर घरी आला

प्रिय शांते,

तुले कागद लिहाची पाळी माझ्यावर येईन असं कधी वाटलं नव्हतं. मले लिहिता येत नाई हे तुझ्याइतकं कोणाले माहीत? म्हणून पल्लवीले समोर बसवलं आहे. आपल्या सुधाकरची पोरगी, माझी नात. मी बोलतो, ती लिहिते. मधामधात ती माझं बोलणं शुद्ध करून राह्यली, हे मले तिच्या तोंडावरून समजते. काही ठिकाणी सोडून देतो, काही ठिकाणी खोडायले लावतो.

आजच काऊन लिहितो म्हणशील. आज सकाळी तुझा जावई तीन पायांवर तुझ्या ओट्यावर चढला. ही बातमी दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुले कळण्याआधी मीच सांगावी म्हटलं. तिकडं आपली सासू आहे. ती तिखटमीठ लावून सांगीन अन् सगळं माझ्यावर ढकलीन.

पल्लवी म्हणून राह्यली, "आजी, जावई म्हणजे कुत्रा आहे, हे लिहू का? वाचणाऱ्याले काही भलतंच वाटीन." मी म्हटलं, वाचणारी शांता आहे, तिनंच त्याचं नाव ठेवलं. पण लिही.

आठवते ना तुले? त्या वर्षी कापूस घरातच भरला होता. तुझ्या बाजूच्या खोलीत ढीग लागला होता अन् दसऱ्याच्या दिवशी त्या ढिगावर एक पिल्लू बसलेलं. कापसासारखंच पांढरं. डोळे उघडले म्हणून दिसलं. मी म्हटलं, हाकल त्याले. तू म्हणली, "बाई, सणाचा आला, बिनबोलावता आला, गादीवर बसला अन् वरून खायले मागून राह्यला. हा त जावई आहे." तुले लेक नव्हती, एकटा प्रकाश. "लेक नाई त नाई, जावई तरी असू दे," म्हणली अन् वाटीत दूध ओतलं.

मंग दिवाळीले माझा खरा जावई आला. तो फराळाले बसला अन् तू अंगणातून ओरडली, "जावई, भाईर हो, चपला चावू नको." बिचारा हातातली बशी ठेवून उभाच राह्यला. लेकीची बोलणी मी खाल्ली. तू मात्र तोंडाले पदर लावून चुलीमागं हासत होती.

आपल्या दोघींचं अंगण एक, चुली दोन. मी मोठी जाऊ, तू धाकटी. कोणत्या गोष्टीवर नाई भांडलो आपण? पण सगळ्यात जास्त भांडलो ते या कुत्र्याच्या दवापाण्यावर. त्याच्या कानात किडे पडले होते तेव्हाचं घे. मी सीताफळीचा पाला वाटून कानात भरला. माझ्या मायनं बैलाच्या जखमेले तोच भरला होता अन् बैल बरा झाला होता. तू म्हणली, "बाई, हा बैल नाई." त्याले खताच्या पोत्यात घातलं, मुंडकं तेवढं भाईर ठेवलं, अन् ऑटोत बसून हिंगणघाटले जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेली.

तिथं सगळे बैलं अन् बकऱ्या घेऊन आलेले. नाव लिहिणाऱ्यानं विचारलं, काय आणलं? तू म्हणली, "जावई." म्हणे काय झालं? "कानात किडे." बकरीवाले हासून हासून बेजार झाले. हे तुनंच घरी येऊन सांगतलं, नकला करून करून. आठ दिवसांत कान बरा झाला. तो तुझ्या सुईनं झाला का माझ्या पाल्यानं? किती वर्षं भांडलो आपण त्यावर. निकाल लागायच्या आधीच तू उठून गेली. असं करतात का शांते?

आता मुद्द्यावर येतो. पल्लवी पेनाचं बटण टकटक दाबून राह्यली, म्हणजे तिलेही माहीत आहे मी लांबण लावतो ते.

तू गेल्यावर जावयाच्या मागच्या उजव्या पायाले गाठ आली. आधी बोराएवढी होती. मी हळद लावली, चुना लावला, पाला बांधला. तू असती त हासली असती, पण ते हासायले तू नव्हती. गाठ वाढतच गेली. तो पाय उचलून चालाले लागला. मंग तुझ्या ओट्याच्या पायऱ्या चढणं सोडलं त्यानं. खालीच बसे अन् वर पाहे, तू बसत होती त्या जागेकडं. तेव्हा मले समजलं, हे आता पाल्याचं काम नाई.

मी घरात विषय काढला. सुधाकर म्हणे, "आई, कुत्र्याच्या पायासाठी वर्धेले गाडी करून जाचं का? गावात इतके कुत्रे लंगडतात, कोणी दाखवाले नेते का?" पल्लवी विचारून राह्यली, "बाबांचं लिहू का?" लिही बाई. त्याच्या काकूले समजू दे, पोरगा कसा बोलते ते. तुझी सून म्हणे, "मोठ्याबाई, त्याचं वय झालं, आता त्याले छळू नका." तिचंही खोटं नव्हतं. तिचे डोळे भरले होते.

प्रकाश उठून शेतात निघून गेला. तू गेल्यापासून तो तसाच आहे. सगळं करते, शेतात जाते, लोकांशी बोलते, पण तुझ्या ओट्यावर बसत नाई. मागच्या दारानं येते, मागच्या दारानं जाते. मी विचारलं, तर म्हणे, "मोठीमाय, माह्या चपला तिकडं असतात." चपला कोणी शिवून ठेवल्या का रे तिकडं? पण मी गप्प राह्यली. तुले वाटन बाई अन् गप्प? राह्यली बापा. मलेही कधी कधी जमते.

शेवटी मी त्याले म्हटलं, "कापाकापी राहू दे. फक्त दाखवून आणू. तुझी माय असती त तिनं दाखवलं असतं." त्यावर त्याले नाई म्हणता आलं नाई. वर्धेच्या सिंदी मेघेत कुत्र्यामांजरांची एक डॉक्टरीण बसते म्हणे, पल्लवीनं पत्ता काढला. गाडी केली. जावई प्रकाशच्या मांडीवर, मी बाजूले.

डॉक्टरीण पल्लवीहून थोडीशीच मोठी असन. पण हात चांगला. जावयानं तिले चावलं नाई, तिथंच मी मान्य केलं. तिनं फोटो काढला पायाचा, आतला. मंग म्हणे, "गाठ हाडापर्यंत गेली आहे. पाय काढला तर वाचू शकतो. नाही काढला तर दुखणं वाढत जाईल. वय आहे, त्यामुळे खात्री देत नाही मी." खरं बोलली. मले आवडलं.

अन् तिनं टेबलावर कागद ठेवला. म्हणे, ऑपरेशनआधी सही लागते.

प्रकाशनं पेन हातात घेतला. मी त्याच्या हाताकडं पाहून राह्यली होती. पेन कागदापर्यंत गेला अन् तिथंच थांबला. मंग त्यानं कागद सरकवून दिला. म्हणे, "मोठीमाय, चाल घरी. मी एकदा सही केली. पुरे झालं."

शांते, तेव्हा मले समजलं. तो कुत्र्याचं बोलतच नव्हता. तुझ्या ऑपरेशनच्या कागदावर त्यानंच सही केली होती. तुझं हृदय थकलेलं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगतलं होतं, कोणाची चूक नव्हती. पण त्या पोराच्या डोक्यात काय बसलं? का माह्या सहीनं माय गेली. इतके दिवस तो हे घेऊन मागच्या दारानं ये-जा करून राह्यला अन् आपल्या घरात कोणाच्या ध्यानात आलं नाई.

थोडी तुझ्यावरही रागावली मी. तू त हासत आत गेली. जाता जाता मले काय म्हणली? "बाई, जावयाले भाकर टाकजो." अन् पोराले? पोराले फक्त "मले जगायचं आहे, कर सही" म्हणून मोकळी झाली. त्याच्यासाठी अजून एखादा शब्द टाकून जायचा होता ना. कुत्र्याच्या भाकरीची आठवण राह्यली अन् पोराची नाई?

आता तो शब्द मलेच टाकायचा होता. मी त्याले म्हटलं, "प्रकाश, मी तिथंच उभी होती. तू नको नको म्हणत होता. तुझी माय म्हणली, मले जगायचं आहे, कर सही. तिनं मागितली म्हणून तू दिली. मर्जी तिची होती रे, तुझा फक्त हात होता."

तो भिंतीवरच्या मांजराच्या चित्राकडं पाहत राह्यला.

मंग मी डॉक्टरणीले म्हटलं, "बाई, सही मी करतो. म्हणजे अंगठा देतो. चालते का?"

ती म्हणे, "आजी, मालक कोण आहे याचा?"

"मालकीण वर गेली. मी तिची मोठी जाऊ."

ती थोडी हासली अन् म्हणे, "चालेल. पण आमच्याकडे शाईचं पॅड नाही. इथं सगळे सहीच करतात."

घ्या. आयुष्यभर जिथं गेली तिथं आधी पॅड समोर करत होते, अन् आज मी स्वतः मागितलं त नाई. मी अंगठा हवेत धरून बसली. डॉक्टरीण पाहते, मी पाहतो, जावई टेबलावरून पाहते.

तेव्हा प्रकाश उठला. त्याच्या हातात तो पेन तसाच होता. त्यानं माझा हात आपल्या हातात घेतला अन् अंगठ्यावर पेन घासाले लागला. हळूहळू, कडेपर्यंत, लहान पोरं चित्रात रंग भरतात तसा. पेन गुदगुल्या करून राह्यला होता, पण मी हासली नाई. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या मनगटावर पडलं, तरी तो थांबला नाई. अंगठा निळा झाल्यावर त्यानंच तो कागदावर ठेवला अन् वरून दाबला. चांगला जोरानं दाबला.

डॉक्टरीण म्हणे, "झालं, सोडा." तरी त्यानं सोडला नाई थोडा वेळ.

मंग आम्ही भाईर बाकावर बसलो. त्यानं चहा आणला. चहा पिता पिता म्हणे, "मोठीमाय, माय खरंच म्हणली होती ना, कर सही?" मी म्हटलं, "तुझ्यासमोरच त म्हणली." म्हणे, "मले तेवढंच आठवत नव्हतं." बाकी सगळं आठवत होतं त्याले. सलाईनचा स्टँड, तुझ्या पायातली जोडवी काढून हातात दिली ते. तेवढंच गेलतं.

ऑपरेशन झालं. जावई त्यातून निघाला. टाके पडले, औषधं दिली, सगळं प्रकाशनं केलं. सुधाकर म्हणे, "तीन पायांचा कुत्रा काय कामाचा?" मी म्हटलं, चार पायांचा होता तेव्हा काय नांगर ओढत होता? अन् एक फायदा सांगतो, पण पल्लवीले लिहायची लाज वाटून राह्यली. लिही व पोरी. आता त्याले खांबाजवळ पाय वर करावा लागत नाई. तो तरास कायमचा गेला.

पहिले काही दिवस तो पडे. उठे, पडे, आमच्याकडं पाहे, जसं काही आम्हीच पाडलं. अन् आज सकाळी मी तांदूळ निवडत बसली होती. हा अंगणातून आला, तुझ्या पायऱ्यांपाशी थांबला. पहिल्या पायरीवर पुढचे दोन पाय ठेवले अन् मागचा एक उडवून घेतला. तशीच दुसरी. मी सूप खाली ठेवलं. आवाज दिला नाई, धसकला असता. वर गेला अन् तुझ्या जागेवर अंग टाकलं.

प्रकाश मागच्या दारातून पाहून राह्यला होता. चपला न घालताच अंगण ओलांडून आला अन् ओट्यावर त्याच्याजवळ बसला. मंग आत आवाज दिला, "माह्यी भाकर इथंच आणजो." तुझी सून ताट घेऊन आली. त्यानं अर्धी खाल्ली, अर्धी जावयाले दिली. तुझ्यासारखीच, बारीक मोडून.

तेच सांगायचं होतं तुले.

अजून एक. तू मले सही शिकवायले बसत होती ना त्याच ओट्यावर, खडू घेऊन? चौथीपर्यंत शिकलेली मास्तरीण. "बाई, चार त अक्षरं आहेत." मी दर वेळी काही ना काही काम काढून उठून जात होती अन् तू रागावत होती. आता बोल. मले सही येत असती त त्या दिवशी पोरानं माझा हात कायले धरला असता?

कबूल करतो एक गोष्ट. टाक्यांवर हळद लावणार नाई, पालाही नाई. डॉक्टरणीनं सांगतलं तेच लावीन. कानाचा निकाल मात्र मी तुले देणार नाई, तो पाल्यानंच बरा झाला. अन् प्रकाशची काळजी करू नको. त्याले ओट्यावरून परत मागच्या दाराले जाऊ देणार नाई. मी आहे तोवर रोज सकाळी त्याच्या चपला उचलून तुझ्या पायऱ्यांपाशी आणून ठेवीन. त्यानं विचारलं त सांगीन, कुत्र्यानं आणल्या.

पल्लवी म्हणते, आजी, खाली नाव लिहू का? मी म्हटलं, नको. प्रकाशले बोलाव, अन् पेन घेऊन ये म्हणा.

तुझी बाई
(निळा अंगठा. थोडा पसरला आहे, जावयानं मधातच चाटला.)